भरून आलेलं भांडं

१० मे २०००, बुधवार

आलो एकदाचे. मंगळवार पेठेतली ही शेड आणि पुढच्या दोन खोल्या आता आमच्या, म्हणजे माझ्या, मनालीच्या आणि लेथच्या. टेम्पोतून उतरवताना लेथ दारातच अडकला. घरमालक हंबीरराव धोतर खोचून स्वतः ढकलायला लागले आणि वर मला ऐकवलं की बाई, नवरी अडून बसलीया, उंबऱ्यावर माप ठेवा की! मनाली पोट धरून हसली. तिचे बाबा गेल्यापासून ती अशी हसली नव्हती.

गारगोटीच्या शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडल्याची भीती आज वाटली नाही. शेडमध्ये दिवसभर ऊन येतं. मी अख्ख्या ओंडक्यातून भांडी कातत नाही. फणस, साग, शिसव यांचे तिरपे तुकडे गोल जोडून एक कडं करते, कड्यावर कडं चिकटवते आणि मग ती चळत लेथवर चढवून पटाशीनं कातते. पुण्याच्या गॅलरीवाल्या मोनाताईंनी जूनच्या प्रदर्शनासाठी फुलदाण्या आणि वाडगे मागितले आहेत. ते पसंत पडले तर आम्ही इथे राहू. नाही पडले तर मनाली गारगोटीला आजीकडे आणि मी मिळेल त्या नोकरीवर. तिला हे सांगितलेलं नाही. नऊ वर्षांची आहे, पण तिला कळलंय.

शेडच्या मागच्या भिंतीत एक दार आहे. पलीकडून साखळी असावी, वीतभरच उघडतं. मी विचारलं, तर हंबीरराव म्हणाले, ते केरबा कातारीचं. कातारी! शेजार माझ्याच धंद्याचा निघाला. दुपारी त्या फटीतून बांगड्यांचा आवाज आला. घरात बाईमाणूस आहे म्हणायचं.

१८ मे, बुद्धपौर्णिमा

वंदना झाली, खीर केली. समोरच्या चिमणाबाईंनी दारातच वाटी रिकामी केली, बोटं चाटली आणि साखर कमी पडली म्हणून सांगितलं. मला त्या आवडल्या.

मागच्या घरी द्यायला हातात भांडं उरलं नव्हतं. परवा कातून पाहिलेला लहानसा वाडगा घेतला, दोनच कड्यांचा, ओंजळीत मावणारा. खीर भरून मागच्या दाराच्या फटीत, उंबऱ्यावर ठेवून दिला. हाक मारली, कुणी बोललं नाही.

गारगोटीला आमच्या गल्लीबाहेर दिलेली खीर पुष्कळदा तशीच परत यायची. झाकलेली, साय धरलेली. आई ती मुकाट्यानं आम्हाला वाढायची. म्हणून ठेवताना हात जरा थबकलाच.

१९ मे

वाडगा आला! स्वच्छ धुतलेला, आत गुळाचा खडा. किती वेळ नुसती बघत राहिले. मनालीला जवळ घेऊन सांगितलं की बघ, शेजाऱ्याचं भांडं रितं पाठवू नये. आपणही कधी पाठवायचं नाही. ती म्हणाली, मग आता आपली पाळी.

मग लक्षात आलं, वाडग्याला एक कडं जास्त आहे. शिसवाचं तिसरं कडं. सांध्यावर नख फिरवलं, कुठेच अडकलं नाही. असा सांधा मला अजून जमलेला नाही. केरबा म्हातारा असणार, आणि गप्प राहून मला धडा देतो आहे. एसटीडी बूथवरून मोनाताईंना फोन करून हे सांगितलं, त्या म्हणाल्या, तसेच सांधे हवेत.

शेंगदाण्याचे लाडू घालून परत ठेवला.

२३ मे

करवंदं आली. आणि चौथं कडं, पाचवंही. वाडगा आता तपेलीएवढा आहे. भरून द्यायचा तर लाडू पुरेनात, तांदूळ घातले. मनालीला पलीकडे मैत्रीण मिळाली आहे. फटीतून ती सागरगोटे सरकवते, ते परत येतात. नाव सोनू, म्हणाली.

मी दिवसभर केरबांचे सांधे उलगडायचा प्रयत्न करते. तुकडे कापते, जुळवते, मोडते. जेवायचं विसरते. कुठल्या लाकडाची आहेत ही नवी कडी, वासावरून कळत नाही. तेल लावलेल्या केसांसारखा वास येतो.

२७ मे

काचेच्या हिरव्या बांगड्या. लहान मुलीच्या, वापरलेल्या. मनालीला बरोबर बसल्या.

एवढं कुणी देतं का? संकोच वाटला. माझी नवी साडी घडीसकट आत ठेवली, तरी भांडं अर्धं रिकामंच दिसत होतं, मग वर नारळ. ठेवायला गेले तर दार पूर्वीपेक्षा जास्त उघडलं. भांडं वाढलं तशी फटही वाढते आहे. केरबांनी साखळी सैल केली असेल.

३१ मे

परकर-पोलकं आलं. जुनं, घडीच्या रेषेवर विरलेलं. भांडं मनालीच्या गुडघ्याला लागतं आहे.

मला राहवलं नाही. चिमणाबाईंना विचारलं की लहान मुलीचे कपडे असे कशाला देतात हे लोक, पोरीला लागतील की. त्या भाकरी थापत होत्या. थापायच्या थांबल्या. म्हणाल्या, कुठली पोर वो बाई? केरबाची सोनू तापानं गेली, त्याला धा वर्सं झाली. तिच्या मागनं तिची आय धोंडुबाई. केरबा एक दिवस कळंब्याच्या रस्त्यानं चालत गेलता, त्यो परत आलाच न्हाय. पलीकडं कुत्रं सुदीक न्हाय. मग आवाज उतरवून म्हणाल्या, लई देणारी बाई हुती धोंडुबाई. कुणाचं भांडं रितं धाडलं न्हाय तिनं.

मला ओढतच मागच्या बोळात नेलं. छप्पर बसलेलं, आत रुई माजलेली. ज्या जागी ते दार यायला हवं तिथे वीटकाम. वर गिलावा. त्यावर शेवाळ.

१ जून

मनालीच्या हातातल्या बांगड्या उतरवल्या. रडली. परकर-पोलक्यासकट भांड्यात टाकल्या, भांडं पलीकडे ढकललं आणि दार लावून लेथखालचा जुना ओंडका आड सरकवला. गारगोटीला निघून जावं का? मोनाताई नऊ तारखेला माल बघायला येणार आहेत. माझ्या फुलदाण्या तयार नाहीत. आता गेले तर सगळं गेलं. नऊपर्यंत फक्त.

धोंडुबाईंचा राग येत नाही, हेच वाईट आहे. पोर गेल्यावरही त्यांचा हात देता राहिला. आमची खीर त्यांनी खाल्ली.

४ जून

भांडं शेडच्या मध्यावर होतं, ओंडक्याच्या अलीकडे. रितं. बांगड्या नाहीत, परकर नाही. त्यांनी ठेवून घेतलं. भांडं रितं आलं म्हणजे देणं अजून त्यांच्याकडे बाकी.

आणखी कडी. सगळ्यात वरच्या कड्यात एक तुकडा कमी आहे. ती फट करंगळीएवढी. मनालीनं त्यात बोट घातलं, तर नीट बसलं. मी ओरडले तिच्यावर. आजवर अशी कधी ओरडले नव्हते.

६ जून

तोडायला गेले. पटाशी सटकते, ओरखडा उठत नाही. मग ठरवलं. रितंच परत केलं. आयुष्यात पहिल्यांदा. उंबऱ्यावर ढकलताना आईचा चेहरा आठवला, साय धरलेली खीर वाढतानाचा. धोंडुबाई, माफ करा. तुम्हाला द्यायला माझ्याकडे एकच —

लिहायला नको होतं हे वाक्य.

७ जून

पलीकडे लेथ चालू आहे. भर दुपारी. मनाली म्हणते, सोनूची आई तयारी करते आहे. काय दिलं तरी ती त्याहून मोठं देते.

सामान बांधलं. फुलदाण्या राहू देत. उद्या पहिल्या एसटीनं.

८ जून

पुढचं दार उघडत नाही. कडी काढली तरी नाही. हाका मारते आहे, चिमणाबाईंच्या घरी रेडिओ मोठ्यानं लागलाय.

भांडं आलं. माझ्या कमरेएवढं. मी वाकून पाहिलं.

आत मुलगी आहे. परकर-पोलकं, हातात हिरव्या बांगड्या. गुडघे पोटाशी घेऊन झोपलेली, श्वास चालू. रितं पाठवलं होतं तरी त्यांनी भरून — होतं नव्हतं ते सगळंच —

मागचं दार सताड उघडं. विटा नाहीत. अंधारही नाही, नुसतं स्वच्छ सारवलेलं घर, आणि कुणीतरी वाट बघत उभं.

मनाली म्हणाली, आई, आता आपण काय द्यायचं? म्हटलं, काही नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, अभ्यासात माझं उत्तर चुकल्यावर बघते तशी. तूच सांगितलंस ना, रितं पाठवू नये.

तिचा हात डाव्या हातात घट्ट धरून बसले आहे. उजव्यानं लिहिते. लिहीत राहिले तर डोळे तिकडे जात नाहीत. चिमणाबाई येतील. कुणीतरी येईल. हात सोडायचा नाही —

लेथ थांबला.

भांडं आता उंबऱ्यापलीकडे आहे. कसं गेलं — वरच्या कड्यातली फट भरलेली दिसते. उंबऱ्याशी मनालीच्या चपला. पण हात तर माझ्या हातात आहे, घट्ट, तोच —

हात हलला. काच वाजली.

बांगड्या मी तिच्या हातातून काढल्या होत्या —