रिक्षा धाकट्याला, अटीसह

लिहून ठेवणार: लियनगे दोना सिरियावती, कै. जिनदास पाववाले यांची पत्नी, वय एकाहत्तर, धंदा पाव भाजणे, राहणार मीगस्पितिय, जिल्हा गॉल, श्रीलंका.

मी वरील सिरियावती लिहून ठेवते की, माझे डोके ठिकाणावर आहे, डोळ्यांना दिसते, कानांना नको तितके ऐकू येते आणि हे लिहिण्यासाठी कोणीही माझ्यावर दडपण आणलेले नाही. राग आला आहे, हे खरे. पण राग येणे म्हणजे भ्रमिष्ट होणे नव्हे. या देशात सध्या ज्याला राग येत नाही त्याचेच डोके तपासून घ्यावे.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण गरज नव्हती. आमच्यात रीतच आहे की थोरल्यांनी आपापले संसार थाटावेत आणि राहते घर धाकट्या मुलाला जावे; त्याने आईबापांना शेवटपर्यंत बघावे. माझा धाकटा मुलगा धम्मिक. तो आमच्या भागाच्या प्रादेशिक सभेचा उपसभापती आहे. म्हणून हे मृत्युपत्र.

नोटरीकडे मी गेले नाही. त्याची फी वाढली, फीवरचा कर वाढला, आणि कर का वाढला हे विचारले असते तर त्याचीही फी लावली असती. नोटरी नको असेल तर कायद्यात पाच साक्षीदारांची सोय आहे. पाच माणसे मला गिऱ्हाइकांतच मिळाली. त्यांतल्या निवृत्त शिक्षिका रत्नावतीबाई म्हणाल्या, "सिरियावती, शुद्धलेखन मी बघून देते हो." मी म्हटले, "शुद्धलेखन बघा बाई, पण राग खोडू नका."

कलम १. भट्टी, कणीक मळायची फणसाच्या लाकडाची काठवट, पत्र्याचे साचे आणि मागच्या पडवीत रचलेले दालचिनीचे सरपण, हे सर्व माझी मुलगी नयनकांती हिला द्यावे. भट्टी तीच चालवते. मी नुसती शेजारी बसून चुका काढते. तिचा नवरा कुवेतला तेलाचा टँकर चालवतो, कारण इथे टँकर होते, तेल नव्हते. तिला दोन मुली आहेत. तिला कोणी "अबला" वगैरे म्हणू नये, तिच्या हातात लांब दांड्याचे फावडे असते.

या भट्टीबद्दल एक गोष्ट लिहून ठेवते. काही वर्षांमागे सरकारी साहेब आले होते. म्हणाले, "मावशी, लाकडाची भट्टी कसली वापरता अजून? कर्ज काढा, विजेची घ्या. देश पुढे चाललाय." आमच्या मालकांनी त्यांना मगरीच्या आकाराचे साखरबन खायला घातले आणि हात जोडून वाटेला लावले. पुढे वीज अर्धा अर्धा दिवस जायला लागली. बाजारातल्या विजेच्या भट्ट्यांवर मांजरी झोपू लागल्या. गॅस नाही, रॉकेल नाही. तेव्हा तीन गावांना पाव मिळाला तो या म्हाताऱ्या भट्टीतून. मालक मेणबत्तीच्या उजेडात कणीक मळायचे आणि म्हणायचे, "देश पुढे चाललाय गं, पण अंधारात चाललाय." ही भट्टी विकू नये. गळ्याशी आलेच तर आधी मला शिव्या द्याव्यात, मग विकावी.

कलम २. दुकानाची पाटी उपसभापतींना द्यावी. पाटी कोरी आहे. तिच्यावर "जिनदास बेकरी" असे मालकांनी स्वतः रंगवले होते. मालक गेले, आणि चौथ्या महिन्यात सभेची नोटीस आली की नावाच्या पाट्यांवर कर लागू झाला आहे. पिठावर कर, तेलावर कर, विजेचे बिल बघितले की झटका बसावा, तो वीज नसतानाही. आणि आता मेलेल्या माणसाच्या नावावर कर! नोटिशीखाली सही कोणाची? सभापती परगावी, म्हणून उपसभापतींची. ज्या पोराचा हात धरून मी त्याला अक्षरे गिरवायला लावली, त्याची.

तो जेवायला आला तेव्हा मी नोटीस त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"ही सही तुझी?"

"अम्मा, ठराव सगळ्यांचा आहे गं. मी फक्त सही केली."

"तुझ्या बापानं जन्मभर पाव भाजले. कधी म्हणाला का, की पाव भट्टीनं भाजला, मी फक्त लाकडं घातली?"

"तिजोरीत खडखडाट आहे, अम्मा. पैसे आणायचे कुठून?"

"खडखडाट मी केला? मी तर गल्ल्यावरच बसून होते! ज्यांनी केला त्यांच्या दाराला पाटी नाही का?"

तो न जेवता उठला. मी त्याच संध्याकाळी चुना कालवून पाटी पुसली. नाव गेले, कर वाचला. गिऱ्हाइके वासाने येतात, आणि वासावरचा ठराव अजून झालेला नाही. कोरी पाटी उपसभापतींना निवडणुकीत कामी येईल. आश्वासने लिहायची आणि पुसायची.

कलम ३. तराजू वजनमापाच्या साहेबांना द्यावा. ते पांढऱ्या गाडीतून आले, माझा पाव तोलला आणि हलका भरला म्हणून दंड ठोकला. मी म्हटले, "साहेब, पाव हलका झाला ते तुमच्या काट्याला दिसलं. माणसाची मजुरी हलकी झाली ती कुठल्या काट्यावर बघता?" साहेब म्हणाले, "आजीबाई, तो आमचा विभाग नाही." कोणाचा विभाग आहे ते सापडल्यावर तराजू तिकडे पाठवावा.

कलम ४. टपाल खात्यात माझी शिल्लक आहे. ती साठवायला आम्हांला उभा जन्म लागला आणि भाववाढीला ती खायला एक पावसाळा. उरले असेल ते नयनाच्या मुलींना. कानातली फुले मोठीला, बांगडी धाकटीला, आणि दोघींनी त्यावरून भांडू नये.

कलम ५. आता रिक्षा. पावाची तीनचाकी रिक्षा, तिच्यावरचे काचेचे कपाट आणि गल्लीत शिरताना वाजणारा भोंगा. ही मी धम्मिकला देते. का देते ते समजण्यासाठी पुढचे वाचावे.

गेल्या वर्षी पेट्रोल संपले. आमचे नव्हे, देशाचे. पंपावरची रांग नदीच्या पुलापलीकडे गेली. रिक्षा फिरली नाही तर आतल्या वाड्यांना पाव नाही, आणि त्या वाड्यांत तर चुलीवर ठेवायलाही काही नव्हते. एके दिवशी धम्मिक मागच्या दाराने आला. हातात गोणपाटाने झाकलेला कॅन.

मालकांनी विचारले, "कुठून आणलास?"

"सभेच्या कोट्यातनं. घाला गाडीत, ताता. कुणाला कळणार नाही."

"मला कळलं की."

"अहो ताता, रांग पुलापलीकडं गेलीय! ह्या वयात उन्हात बसणार तुम्ही?"

"त्या रांगेतला प्रत्येक माणूस माझा पाव खातो. उद्या त्यांच्यासमोरनं भोंगा वाजवत जाऊ? कुठल्या तोंडानं?"

कॅन परत गेला. मालक रिक्षा घेऊन रांगेला लागले. मी रोज डबा नेत असे. तिसऱ्या सकाळी भात आणि नारळाचा संबोल नेला, तर म्हणाले, "डावा हात दुखतोय गं. रांग सरकली की दाबायचा, पुन्हा दाबायचा... क्लच फार जड झालाय." मी म्हटले, "पेट्रोल मिळालं की दाखवू विल्सन मेकॅनिकला." आणि वाटेत विल्सनला तसे सांगून डबा घेऊन घरी आले.

दुपारी रांग सरकली, रिक्षा सरकली नाही. मागे मोपेडवर मासळीवाले हनिफा होते. त्यांनी हाक मारली, "काका, पुढं घ्या." मग जवळ जाऊन बघितले. रुग्णवाहिकेला फोन केला तर तिलाही डिझेल नव्हते. कोणी म्हणाले, गाडी बाजूला घ्या. हनिफा म्हणाले, "बाजूला का? नंबर त्यांचा आहे. ढकला." पंप समोर दिसत होता. रांगेतल्या माणसांनी माझ्या नवऱ्याला, त्याच्याच जागेवर बसलेल्याला, पंपापर्यंत ढकलत नेले. एकही माणूस मध्ये घुसला नाही. टाकी भरली, आणि त्या पेट्रोलवर मालक घरी आले. रिक्षा विल्सनने चालवत आणली. दाराशी थांबवली आणि रडत रडत म्हणाला, "मावशी, क्लच लोण्यासारखा आहे."

घरात मयत असताना चूल पेटत नाही. शेजारी जेवण आणतात. पण शेजाऱ्यांच्या घरी कुठे गॅस होता? माणसे हात हलवत आली आणि लाजून अंगणात उभी राहिली. शाळेतली पोरे सकाळपासून उपाशी. मी पदर खोचला आणि नयनाला म्हटले, "पेटव भट्टी." धम्मिक धावत आला.

"अम्मा, काय चाललंय हे? ताता घरात आहेत आणि तू भट्टी पेटवतेस? लोक काय म्हणतील?"

"लोकांना भूक लागलीय. खाऊन झाल्यावर म्हणतील."

मालक पुढच्या खोलीत पांढऱ्या कपड्यांत होते आणि मागे पाव फुगत होते. रीत मोडली, मला माहीत आहे. ज्यांनी शेजाऱ्यांच्या चुली विझवल्या त्यांनी ती आधी मोडली होती.

आणि मग स्मशानात आमचे चिरंजीव भाषणाला उभे राहिले. मागे त्यांच्या पक्षाचे लोक आणि त्यांच्या भरल्या टाकीच्या जीपगाड्या. म्हणाले, "माझ्या वडिलांनी देशासाठी संयम दाखवला." संयम! अरे, तुझ्या बापाने लाज दाखवली. ती तुमच्यापैकी कोणाकडेच नव्हती, म्हणून तुम्हांला ओळखता आली नाही. त्या दिवसापासून मी त्याला बाळ म्हटलेले नाही. तो कॅन त्याने आम्हांला आणून दिला म्हणून मी रागावलेले नाही. त्याच्यापाशी कॅन होता, म्हणून रागावले आहे.

तरी पोर माझे आहे. घर दुसऱ्याच्या नावे करायला लेखणी उचलली की हात थांबतो. म्हणून राहते घर आणि परसातली फणसाची दोन झाडे धम्मिकला मिळावीत, पण अट अशी की, माझ्या मागे वर्षभर रोज सकाळी त्याने ही रिक्षा स्वतः चालवावी आणि सर्व वाड्यांना पाव पोचवावा. ड्रायव्हर ठेवू नये. रिक्षेच्या बाजूंना काचा नाहीत. लोक जे बोलतील ते ऐकू येईल. बायका पिठाच्या भावावरून बोलतील, म्हातारे पेन्शनीवरून, कोणी त्याच्या बापाचे नाव काढेल. उत्तर देऊ नये. "हा आमचा विभाग नाही" असे तर अजिबात म्हणू नये. ऐकावे आणि पाव द्यावा. पेट्रोल रांगेत उभे राहूनच भरावे. रांग नसली तर खाली उतरून थोडे उभे राहावे, मग भरावे. पद सोडावे की ठेवावे, ते मी लिहीत नाही. रिक्षा त्याला सांगेल.

हे त्याने केले की नाही याचा निवाडा नयना करील. केले नाही, तर घरही तिचे. मग त्याने पाहुणा म्हणून यावे, चहा मिळेल.

कलम ६. माझी मयत. भाषण नको, पक्षाचे फलक नकोत, माझ्या फोटोशेजारी दुसऱ्या कोणाचा फोटो नको. कोणी पुढारी आलाच तर त्याला चहाच्या रांगेत शेवटी उभे करावे आणि त्याच्या पुढे कोणी घुसल्यास हटकू नये. माझे मढे घरात असले तरी भट्टी पेटवावी आणि त्या सकाळचा पहिला फेरा धम्मिकने करावा. आई गेली म्हणून वाड्यांनी उपाशी राहायचे कारण नाही. फेरा करून आल्यावर त्याने माझ्याजवळ बसावे, मग काय रडायचे ते रडावे.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले, साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले. साक्षीदारांपैकी कोणाला यातले काही मिळत नाही. आजचा पाव मिळाला, तो त्यांनी पैसे देऊन घेतला आहे.

सही: सिरियावती
मीगस्पितिय, दि. १२ फेब्रुवारी २०२३

साक्षीदार:
१. पी. एच. रत्नावती, निवृत्त शिक्षिका
२. के. जी. सोमपाल, दालचिनी सोलणारे
३. विल्सन गमगे, रिक्षा दुरुस्ती
४. डब्ल्यू. ए. विमलदास, चिटणीस, मरण-साहाय्य समिती
५. ए. एल. मुहम्मद हनिफा, मासळी विक्रेते. रांगेत मागे होतो.

ता. क. सह्या चालू असताना उपसभापती दारात येऊन उभे राहिले. कधीपासून उभे होते, माहीत नाही. मी सगळे पुन्हा मोठ्याने वाचले. लपवायचे काय? कलम पाचपाशी साक्षीदार खाली बघू लागले. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "अम्मा, तातांचा हात दुखायचा त्या क्लचनं. आधी बदलून घेऊ का?"

मी म्हटले, "क्लचला काही झालेलं नाही रे. कधीच नव्हतं."

तो उंबऱ्यावर बसला. हनिफांनी त्याला पाणी दिले. पाणी पिऊन उठला, रिक्षेत जाऊन बसला आणि तिथून विचारले, भोंग्याचे बटण कुठे आहे?

मी सांगितलेले नाही. शोधू दे.

सि.