दादांच्या पिकअपचा मोकळा श्वास

५ एप्रिल, शनिवार
दादा, म्हणजे माझे सासरे केरूदादा, त्यांची पिकअप सर्व्हिसिंगसाठी माझ्याकडे सोडून एसटीने नामपूरला परत गेले. चांगल्या गॅरेजात टाका म्हणाले. गॅरेजवाल्यांना काय कळतं? एअर इनटेकवरचे सगळे व्हिडिओ मी पाहिलेत. गाडीचा प्रॉब्लेम एकच, तिला मोकळा श्वास घेता येत नाही. दादांना विचारायला हवं होतं का? पण सरप्राइज कुणी विचारून देतं का!

६ एप्रिल, रविवार
बायको, निकिता, बहिणीकडे नांदगावला गेली होती, बरंच झालं. एअर फिल्टरचा मूळ डबा काढून फेकला (म्हणजे माळ्यावर). त्या जागी उघडा, शंकूसारखा रेसिंग फिल्टर. थंड हवा मिळावी म्हणून पाइप बंपरमागे पार खाली सोडला. म्हसरूळच्या चढावर टेस्ट घेतली. आवाज असा की रिक्षावाले वळून बघत होते. जोर नक्की वाढलाय. निदान वाढल्यासारखा वाटतोय.
निकिता आल्यावर सांगितलं, गॅरेजमध्ये काम झालं. आमचं पार्किंग हे एक प्रकारचं गॅरेजच.

९ एप्रिल, बुधवार
दादा गाडी घेऊन गेले. सुरू केल्यावर म्हणाले, आवाज येगळा वाटस हो, जवाईबापू. मी म्हणालो, सर्व्हिसिंगनंतर येतो तसा. खोटं काही नाही. नंतरच आलाय.

१५ एप्रिल, मंगळवार
दादांचा फोन. गाडी चढावर दम खाते, काळा धूर सोडते. सांगून टाकावं म्हणून घसा साफ केला, तर तेच म्हणाले, चूक मनीच शे, पाय पहिल्यासारखा राहिला नाय. मी म्हणालो, अहो, असं काही नाही. पुढचं सांगणार, तेवढ्यात रेंज गेली. म्हणजे मी फोन ठेवला.
रविवारी समोरासमोर सांगणार. ठरलं.

१७ एप्रिल, गुरुवार
वाईट झालं. दादा कांदा घेऊन मार्केटात गेले होते. लिलाव झाला, आणि माल उतरवायला व्यापाऱ्याच्या खळ्यावर नेताना गाडी भर रस्त्यात बंद. मार्केटात वाऱ्यावर कांद्याची टरफलं उडत असतात. माझ्या पाइपाने ती खालून सगळी ओढून घेतली असणार. व्हिडिओवाल्यांच्या देशात कांदा मार्केट नसावं, नाहीतर त्यांनी सूचना दिली असती. मागचे ट्रॅक्टर हॉर्न मारत होते. कुणीतरी ओरडलं, बाबा, झेपत नाय तं घरी बसा ना!
हे सगळं सासूबाईंनी निकिताला फोनवर सांगितलं. अर्ध्या गावाच्या बायका दादांनी बाळंतपणासाठी मालेगावच्या दवाखान्यात वेळेवर पोचवल्यात, आणि त्यांना हे ऐकावं लागलं. घरी येऊन ते जेवले नाहीत म्हणे. मला भयंकर लाज वाटली. मीही जेवलो नाही. नंतर थोडी खिचडी खाल्ली.
नवा विचार: डबा गुपचूप पुन्हा बसवायचा. गाडी पहिल्यासारखी झाली की दादांना हुरूप येईल. मग सांगायचं काही उरतच नाही.

२० एप्रिल, रविवार. नामपूर
दुपारी दादांचा डोळा लागल्यावर डबा बसवला. शंकूवरची टरफलं नखाने खरवडून काढली आणि शंकू पिशवीत लपवला. गाडी पहिल्या स्टार्टरला सुरू! किती हलकं वाटलं.
तेवढ्यात सासूबाई मीठ-मिरच्या घेऊन आल्या. गाडीला नजर लागली म्हणून त्यांनी ती उतरवली आणि मिरच्या चुलीत टाकल्या. असा ठसका उठला की आम्ही सगळे खोकत अंगणात. ठसका आला म्हणजे दृष्ट नव्हतीच. सासूबाईंचा चेहरा पडला. मी म्हटलं, बघा दादा, गाडी ठणठणीत आहे, आणि गावातून एक झकास चक्कर मारून आणली. धूर नाही, धक्का नाही.
दादा ओट्यावरून बघत होते. हळूच म्हणाले, गाडी बरी शे. नजर बी नाय. मनाच हात गया.
गाडी ठणठणीत ठरली की दोष दादांच्याच हाताकडे जाणार, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी तोंड उघडलं, खरंच उघडलं. निकिता, सासूबाई, शेजारचे खंडेराव, सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी पाणी मागितलं.
संध्याकाळी सगळ्यांना सटाण्याला जायचं होतं. दादा सवयीने ड्रायव्हरच्या दाराशी गेले, थांबले, मग वळसा घालून डाव्या बाजूला जाऊन बसले. किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाले, आता तुमीच चालवा, तुमाले गाडीतलं कळस.
प्रत्येक वळणावर त्यांचा पाय रिकाम्या जागी ब्रेक दाबत होता. मी सावकाश चालवली.