काळ्या कन्सोलवरची म्हैस

मी, शिवशरण भरमाप्पा हुक्केरी, वय सहासष्ट, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, तसे डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. माझ्यावर कोणी दाब आणलेला नाही; आणायला घरात कोणी उरलेलेही नाही. आजवर मृत्युपत्र केले नाही, कारण अजून वेळ आहे असे वाटायचे. आता दमलो आहे.

१. राहता फ्लॅट, बँकेतील ठेवी आणि माझी दिवंगत पत्नी दानम्मा हिचे दागिने मुलगी विद्याश्री हिला द्यावेत. तिने फ्लॅट विकला तरी माझी ना नाही. फक्त दानम्माच्या खोलीतल्या टीव्हीखालचा काळा कन्सोल विकू नये. त्याचे कलम चारमध्ये सांगितले आहे.

२. ऑफिसातले कॉम्प्युटर आणि टेबले शेवटपर्यंत टिकलेल्या चार कर्मचाऱ्यांनी वाटून घ्यावीत, भांडू नये. एक मोडकी खुर्ची आहे, ती माझा जुना भागीदार हंबीरराव याची. मी ती दुरुस्त केली नाही आणि टाकूनही दिली नाही.

३. हंबीरराव दादासो खाडे आणि मी, दोघांनी मिळून व्हिडिओ गेमची कंपनी काढली. पाडव्याला आपल्याकडे म्हशी पळवतात: पुढे फटफट करत मालकाची मोटरसायकल, मागे शिंगे रंगवलेली म्हैस. तोच आमचा गेम. गेम बनवायचा हंबीररावने आणि तो कुठल्या कन्सोलवर काढायचा हे ठरवायचे मी. हे काम कोणाला आवडत नाही, मलाही आवडत नव्हते. कन्सोल किती विकले गेले हा आकडा फसवा असतो. त्यातले किती जण अजून गेम विकत घेतात ते बघावे लागते. इथे एका कन्सोलवर अख्खी तालीम खेळते, एक डिस्क गल्लीभर फिरते. शिवाय प्रत्येक कन्सोलवर गेम नव्याने बसवायला पाच-सहा महिने जातात, वर कन्सोलवाल्या कंपनीचा हिस्सा आणि तिची तपासणी.

२०१४ साली भाग दोन काढताना मी काळ्या कन्सोलवर काट मारली. तो जुना झाला होता, नवा आला होता. हंबीररावचे त्यावरचे काम बारा आणे झाले होते. माझ्या घरीच बैठक होती.

"शिवा, गंगावेशीतल्या पोरांनी नवा कुठनं आणायचा?"

"पोरं खेळत्यात, पण घेत न्हाईत."

"आणि वहिनींनी काय करायचं?"

त्याच्या दोन वर्षे आधी अर्धांगवायूने दानम्माची उजवी बाजू गेली होती. हंबीररावने तिला एका हाताने चालवता येईल असा डाव्या हाताचा कंट्रोलर बनवून दिला होता. तो फक्त काळ्याच कन्सोलला चालायचा. त्यावर ती भाग एक खेळायची, दिवसच्या दिवस.

मी म्हणालो, "एका माणसासाठी गेम काढत न्हाईत."

ती आतल्या खोलीत होती. ऐकू गेले असणार. माझे गणित चुकले नव्हते, आजही तेच सांगेन. काळ्यावर काढला असता तर कंपनी बुडाली असती. पण हे वाक्य बोलायला नको होते. अकरा वर्षे ते माझ्या मनातून जात नाही.

हंबीरराव कंपनी सोडून गेला. त्याच आठवड्यात ऑफिसातला चाचणीचा काळा कन्सोल नाहीसा झाला. असा कन्सोल गेम बनवणाऱ्यांनाच मिळतो. दिसायला दुकानातल्यासारखाच, पण बाजारात न आलेला गेमही त्यावर चालतो. सगळ्यांसमोर मी हंबीररावला चोर म्हणालो. कन्सोलवाल्या कंपनीला भरपाई मी भरली. पुढे मी घरी नसताना तो कंट्रोलर दुरुस्त करायला येऊन जायचा. मला ते माहीत होते, मी कधी विचारले नाही.

दानम्मा मात्र विचारायची, "आमच्या काळ्यावर कधी येणार म्हैस?" मी "बघू" म्हणायचो. पुढच्या पाडव्यानंतर तिने विचारणे थांबवले. मला वाटले, तिने आशा सोडली. २०१९ साली ती गेली.

४. भाग दोनची काळ्या कन्सोलवरची अपुरी आवृत्ती, तिचे सर्व हक्क, दानम्माचा कन्सोल आणि कंट्रोलर हंबीररावला द्यावेत. ती आवृत्ती त्याने पूर्ण करावी. विकू नये, एकदा चालवून बघावी, बस्स. चोर म्हणालो त्याची मी माफी मागतो. तोंडावर मागायला माझी जीभ रेटली नाही.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी हंबीररावने करावी. त्याची संमती हवी म्हणून आज त्याला बोलावले आहे; आला तर बरे. मला आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे दानम्माशेजारी पुरावे. बँड लावू नये.

पुरवणी, आजच, दुपारी.

हंबीरराव आला. चष्मा वर ढकलून त्याने सगळे वाचले.

"चोर म्हणालास ते बरोबरच हाय की. नेला मीच."

मग तो दानम्माच्या खोलीत गेला, टीव्हीखालचा कन्सोल ओढून काढला आणि उलटा धरला. खाली पट्टी होती: फक्त चाचणीसाठी, विक्रीसाठी नाही. दानम्माचा स्वतःचा कन्सोल त्याच्या माळ्यावर आहे. त्याने वायर लावली. टीव्हीवर भाग दोन सुरू झाला. गुणांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर दानम्मा, दुसऱ्या क्रमांकावर दानम्मा, खालपर्यंत दानम्माच.

"चार वर्सं खेळल्या. तू आलास की भाग एक लावायच्या. शपथ घातलती, ह्यांना सांगू नका म्हणून."

"का रं?"

"म्हणाल्या, त्यांचं गणित बरोबर हाय, उगं जिवाला लावून घेतील."

त्या कन्सोलवरची धूळ इतकी वर्षे मी माझ्या हाताने पुसतो आहे. एकदाही उलटा करून बघितला नाही. मी रडलो, हेही इथे लिहून ठेवतो. हंबीरराव त्या मोडक्या खुर्चीची चौकशी करून, चहा घेऊन गेला. संमती दिली आहे. कंट्रोलर त्याने नेला नाही. तो मी जिवंत असेपर्यंत माझ्याकडे राहील.

कलम चार रद्द करू नये. त्यात 'पूर्ण करावी' असे जिथे लिहिले आहे, तिथे 'पूर्ण केली आहे' असे वाचावे.

शिवशरण भरमाप्पा हुक्केरी (सही)

आमच्या समोर वरील सही झाली, पुरवणीसह:
१. विजयसिंह आनंदराव घोरपडे (सही)
२. अनुजा राजवर्धन शिंत्रे (सही)

कोल्हापूर, ६ नोव्हेंबर २०२५