जोहरच्या वेळी वर बांधलेला पडदा

अब्बा, तुम्ही गेल्यावरही दुकानातला निळा पडदा अजून तोच आहे. वार्निशचा वास जाईल म्हणून मी तो धुतलासुद्धा नाही. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी अजून येतात. गिऱ्हाईक बाहेर बाकावर बसतं आणि मी पडद्याआड तांब्याची तार भरतो. कायदा तुमचाच. लहानपणी एकदा मी एका शेतकऱ्याला त्याची मोटार दाखवायला पडदा सरकवला, तर तुम्ही पान्यानं बोटांवर मारलंत. "कावून उघडलास बे? हुनर उघड्यावर मांडायचं नसतं." मला शिकवायचात तेही पाठ फिरवूनच. खांद्यावरून डोकावून जे दिसलं, तेवढंच मी शिकलो.

मागच्या वर्षी तुमच्या नातीनं आपलं दुकान फोनमधल्या नकाशावर टाकलं. म्हणाली, "अब्बू, लोक आता आधी फोनमध्ये बघतात, मग घरातून निघतात. गिऱ्हाईक तिथं काय लिहील ते आपल्या हातात न्हाई." मला हे लई झोंबलं. दुकान आपलं आणि शब्द परक्याचा? पण पहिल्याच माणसानं पाच तारे दिले. लिहिलं होतं, 'आतल्या बाबांनी पडदा वर करून जळालेली कॉइल दाखवली, नवी कशी भरतात तेही समजावलं. सच्चा माणूस.' दुसऱ्याच दुकानाचं इथं लिहिलं असेल म्हणून मी हसलो. मग धर्मापुरीच्या एकानं लिहिलं, 'उजव्या अंगठ्याला नख नसलेले बाबा.' अब्बा, तो अंगठा तुमचाच, आणि तुमचा एकही फोटो मी कुठं टाकलेला नाही.

लेकीला म्हटलं, काढून टाक ते. ती म्हणाली, "काढता येत न्हाई. तक्रार केली, तर यात गैर काही न्हाई असं उत्तर आलं. आपण फक्त खाली जबाब लिहू शकतो."

मग ध्यानात आलं, ही सगळी माणसं दुपारची. जोहरच्या नमाजला जाताना मी उंबऱ्यावर स्टूल आडवं ठेवतो आणि दुकान उघडंच सोडतो, तुम्ही सोडायचात तसं. परत येतो तर पडदा वर गाठ मारून बांधलेला असतो. शेजारच्या केळीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "आत बोलणं चालू होतं, चाचा. मला वाटलं तुमीच हाव."

एके दिवशी नमाज दुकानातच पढलो आणि पडद्याआड बसून राहिलो. कुणी आलं नाही. पडदा हललासुद्धा नाही.

परवा एक शेतकरी मोटार घेऊन आला, माझ्याकडं न बघता आत डोकावला. "बाबा न्हाईत का? मागल्या खेपेला त्यांनी समदं उघडून दाखवलं."

"चहाला गेलेत," मी म्हणालो. तो बाकावर तुमची वाट बघत बसला. मीही बसलो.

धंदा वाढलाय अब्बा, आणि मला तुमची भीती वाटत नाही. मत्सर वाटतो. परक्यांना हाक मारून आत घेता, आणि मला मात्र अजून पाठच.

काल लेकीच्या फोनवरून आपल्याच दुकानाला एक तारा दिला. खाली लिहिलं, 'रोज येतो. बाबा भेटत नाहीत.' बटण अजून दाबलेलं नाही.