नेटचा स्पीड आणि माझा

३ जानेवारी, रविवार. सकाळी ९.१५
आजपासून रोजनिशी. वजनमाप खात्यात अठ्ठावीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासतोय. ज्याची नोंद नाही ते घडलेलं नसतं.
तर नोंद. लेक दोन विमानं पलीकडे राहते. माझ्या वाढदिवसाला तिने ट्रेनर पाठवला, म्हणजे सायकलचा स्टँड. मागचं चाक काढून सायकल त्यावर बसवायची, समोर लॅपटॉप. इथे पेडल मारलं की स्क्रीनवर आपला बाहुला डोंगररस्त्यावर धावतो. ती तिच्या घरी पेडल मारते, तिचा बाहुला माझ्या शेजारी. आजूबाजूला आणखी कुठकुठल्या लोकांचे बाहुले, एक हिरव्या टोपीवाला, एक जोडपं. दर रविवारी सकाळी आठला, हेडफोनवर गप्पा मारत.
आज चढावर तिचा बाहुला पाठमोरा होत होत ठिपका झाला. बाबा, सावकाश ये, मी वर थांबते, म्हणाली.
कारण स्पष्ट. रूटर हॉलमध्ये, चपलांच्या कपाटावर. सायकल मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलापाशी. मध्ये भिंत. माझी ताकद भिंतीत मुरतेय.

५ जानेवारी
अ‍ॅपने वजन विचारलं. हलका माणूस चढावर जोरात जातो, असं त्यांचं गणित. ७४ लिहिलं. घरचा काटा ८६ दाखवतो. पण तो बाथरूममधला काटा, त्यावर आमच्या खात्याचा शिक्का नाही. ग्राह्य धरता येत नाही.

१० जानेवारी, रविवार. ९.३०
७४ किलो असूनही मागे. म्हणजे नेटच.
वाईट बातमी. तिकडे एक सायकल क्लब आहे. रविवारी याच वेळेला खऱ्या रस्त्यावर निघतात. तिला ये म्हणतायत. मी विचारलं, जाणार का? म्हणाली, "बघते."
तिचं 'बघते' मला ती तीन वर्षांची असल्यापासून माहीत आहे. बघते म्हणजे ठरलंय, फक्त तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून सांगत नाही.
दर रविवारी बापासाठी डोंगरावर ताटकळत कोण उभं राहील? मी तिच्या बरोबरीने चढलो, तर क्लबची गरजच काय? महिनाअखेरपर्यंत बरोबरीने. ठरलं.
बायकोला सांगितलं. ही म्हणाली, अहो, नेटला नावं ठेवू नका, सकाळी दोनदा नाश्ता नेटने नाही केला.

१२ जानेवारी
नेटचा प्लॅन बदलला. १०० होता, ३०० केला. स्पीड तिप्पट. चढावर मी ताशी अकरा होतो, म्हणजे आता तेहेतीस. थोडी तूट धरू. तीस. तिला मागे टाकावं लागेल. अवघड वाटतं, पण थांबेन वर.

१७ जानेवारी, रविवार. ९.४०
ताशी अकरा.
कंपनीकडे लेखी तक्रार. ग्राहकाला माप कमी देणं हा गुन्हा आहे, हे त्यांना कोण सांगणार? मीच.

२० जानेवारी. सायंकाळी ६
नेटवाला आला. पन्नाशीचा, खांद्यावर वायरचं भेंडोळं, बोलणं मोजकं. सगळं तपासलं. म्हणाला, तीनशे म्हणजे तीनशे येतंय. मी विचारलं, मग सायकल अकराने का?
त्याने आधी सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग हिच्याकडे. म्हणाला, या अ‍ॅपला नेट चिमूटभर लागतं, फक्त तुटायला नको. आणि सायकल लॅपटॉपशी ब्लूटूथने बोलते, तिथे नेटचा संबंधच नाही.
"काका, तो स्पीड नेटचा. सायकलचा तुमचा."
ही स्वयंपाकघरात निघून गेली. हसायला, हे मला माहीत आहे.
त्याला जाताना सही दिली. शेरा लिहिला: 'समाधान झाले नाही.' कंपनीचा माणूस कंपनीचीच बाजू घेणार. पण एक शब्द त्याच्या तोंडून निसटला. तुटायला नको. म्हणजे तुटत असणार.

२३ जानेवारी, शनिवार
वीस मीटर केबल आणली. रूटरपासून थेट लॅपटॉपपर्यंत, हवेवर विसंबणं बंद. लॅपटॉपचं वायफायही बंद करून टाकलं, त्याला मोह नको.
ही दोनदा अडखळली. तिसऱ्यांदा म्हणाली, ही वायर इथून हलली नाही तर मी हलेन. म्हणून केबल जमिनीवरून उचलून सायकलच्या हँडलला गच्च बांधली आणि तिथून लॅपटॉपमध्ये. सुबक काम. खात्यात सील मारायची सवय उपयोगी पडते.

२४ जानेवारी, रविवार. ९.३५
मागेच. पण केबल नवी आहे, रुळायला वेळ लागतो.
क्लबला पुढच्या रविवारनंतर कळवायचंय, म्हणाली. म्हणजे एक रविवार उरला.
संकल्प: आठवडाभर एकदाच नाश्ता. (आजचा झालेला आहे, तो धरायचा नाही.)

३१ जानेवारी, रविवार. ८.५५
जिंकलो.
मोबाइल बंद ठेवला होता, त्याने नेट खायला नको. चढाच्या पायथ्यापर्यंत तिच्या शेजारी. मग ठरवल्याप्रमाणे सीटवरून उठलो, हँडल दोन्ही हातांनी खेचलं आणि जीव काढून पेडल मारलं.
त्याच क्षणी सगळे मागे पडले. सगळे. ती, हिरव्या टोपीवाला, ते जोडपं, कोणी दिसेना. हेडफोनमध्ये तिचा आवाजही बंद. धाप लागली असणार बिचारीला. आख्खा डोंगर एकट्याने चढलो. ताशी अकराच दिसत होतं, पण आघाडीवरच्या माणसाने आकडे बघू नयेत.
वर पोचून थांबलोय. ती येईलच.
नेटवाल्याला कळवायला हवं.

९.३०
ही आली. रोज सकाळी खालच्या बागेत चालायला जाते. तीन मजले जिन्याने धावत आली, लिफ्टसाठी थांबली नाही. मला पाहून दारातच बसली. हातातला फोन माझ्याकडे केला.
लेक होती.
"बाबा, कुठे गेलास? कधीपासून पायथ्याशी उभी आहे मी. फोन बंद, आवाज नाही. मला वाटलं..."
मी सांगितलं, मी वर आहे, पहिला आलोय. तिने विचारलं, रस्त्यावर बाकी कोण दिसत होतं? म्हटलं, कुणी नाही, सगळे मागे.
"बाबा, केबल बघ."
हँडलला गच्च बांधलेली होती. हँडल खेचलं तेव्हा लॅपटॉपमधलं टोक निघून आलं होतं. सील मात्र शाबूत.
म्हणजे मी एकटाच होतो. तासाला अकरा.
ही हसली नाही. उठून पाणी आणलं, आधी मला दिलं.
मग मीच विचारलं, क्लबचं काय? लेक म्हणाली, "बघू."
बघते नाही. बघू. त्यात मीही येतो. पुढे म्हणाली, पुढच्या वेळी तो चढ नको, नदीकाठचा सपाट रस्ता घेऊ, बोलता येतं.
महिनाभरात आज पहिल्यांदा नेट खरोखर बंद होतं. तक्रार नोंदवलेली नाही.
अ‍ॅपमध्ये दुरुस्ती केली. वजन: ८६. बाथरूममधला काटा, शिक्का नाही.
ग्राह्य.