तिथे उणेच येतं

ती. आईस,
तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहिते.

मी खुशाल आहे, दोन्ही वेळा नीट जेवते. बाबांचा खोकला थांबला का?

आमचे विभागप्रमुख म्हणजे नुसता फुगा. काल पाहुण्यांसमोर त्यांनी माझं क्वांटमचं गणित स्वतःचं म्हणून मांडलं, आणि तेही उण्याचं अधिक करून! अधिक धरलं तर इलेक्ट्रॉन अणूत राहीलच कशाला? समोरचे सगळे पंडित मात्र नंदीबैलासारखे माना डोलवत होते. मी उठून चूक सांगितली.

बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, “पुढच्या वर्षी नोकरी हवी आहे ना?”

“हवी आहे,” मी म्हटलं, “पण तिथे उणेच येतं.”

आज सकाळी पाहते तर माझ्या दारावरची पाटी गायब. शेजारच्या खोलीतला शहाणा रोज माझ्याकडून गणितं सोडवून घ्यायचा, तो मला बघून आल्या पावली परत फिरला. असल्यांच्या पंक्तीला बसण्यापेक्षा उपाशी बरी.

काळजी करू नकोस, दुसरीकडे विचारलंय. आत्याला म्हणावं, रजेवर येतेय. बाबांना मात्र खरं सांग, आणि ते काय म्हणाले ते जसंच्या तसं कळव.

तुझी,
धाकटी