मी येते म्हणाले होते

रविवार, २१ नोव्हेंबर
दुपारचे बारा

प्रिय वहिनी,

आईचा गुडघा, दादाची कुरकुर आणि तुझी ड्यूटी, तिन्ही नेहमीसारखी चालू असतील असं धरून लिहायला बसले आहे. मी मजेत आहे. हे लिहून झाल्यावर खोडावंसं वाटतंय, पण पहिल्याच ओळीत खाडाखोड दिसली तर तू घाबरशील, म्हणून राहू देते.

फोनवर हे बोलता येणार नाही. फोन लावला की आई तो स्पीकरवर टाकते आणि शेजारच्या काकूसुद्धा मला जेवलीस का म्हणून विचारतात. म्हणून कागदावर लिहून फोटो तुला एकटीला पाठवते आहे. वाचलंस की पुसून टाक. नको, पुसू नकोस. पुसण्याचं पुढे सांगते.

इथलं रोजचं तेच. सकाळी आठला प्रयोगशाळा, दुपारी डब्यातला गार भात, संध्याकाळी नंबर लागला तर तळघरातल्या मशीनमध्ये कपडे. शनिवारी मात्र आम्ही पाच जण भटकतो. तलाव, टेकडी, जिथे बस जाईल तिथे. आमच्या वर्गातला लांबू वेळापत्रक बघतो आणि आम्ही मुकाट्यानं त्याच्या मागे. माझ्या खोलीतली चिमणी तुला माहीत आहे. एक पाव पाऊण तास टिपत बसते म्हणून मीच हे नाव ठेवलं. ती तिसऱ्याच देशातली. इथली भाषा दोघींनाही मोडकीतोडकीच येते आणि आमची सगळी मैत्री त्या मोडक्या भाषेतच झाली आहे. मला ताप आला तेव्हा तीन दिवस तिनंच पेज भरवली होती.

तू वॉर्डात बघतेस म्हणून विचारते. अंग गारठून शुद्ध हरपलेलं माणूस किती तासांनी बोलायला लागतं? लागतंच ना?

काल आम्ही डोंगरावर गेलो होतो. अर्ध्या वाटेवर एक शेड आहे, आत एक बाक. तिथे चिमणीचा पाय दुखायला लागला. लांबूनं ठरवलं, की तिनं थोडं बसावं, मग समोरच्या सोप्या रस्त्यानं खाली जाऊन तीनची बस धरावी. आम्ही चौघं माथ्यावरून पलीकडे उतरणार होतो. सगळ्यांसमोर ठरलं, तिनंही मान डोलावली. दुपारचा एक वाजला होता. अडीचला धुकं उतरलं. आम्ही कसेबसे खाली पोचलो.

पाचला खोलीवर आले तर ती नव्हती. असेल कुठे तरी, म्हणून मी चक्क कपडे धुवायला गेले. सव्वासातला पायथ्याच्या चौकीतून वनरक्षकाचा फोन आला. ती त्याच बाकावर सापडली होती, ओल्या कपड्यांत, काकडून निपचित पडलेली. तो म्हणाला, "रस्ता तिच्या समोर होता. चालत का नाही गेली, काही कळत नाही."

मलाही कळत नव्हतं. मग साडेसातला माझ्या फोनवर तिचा निरोप आला. डोंगरावर रेंज नाही, तिचा फोन अँब्युलन्समधून खाली आल्यावर तो सुटला असणार. तिनं दुपारी तीनला लिहिला होता. "मी बाकावरच आहे. तू सावकाश ये."

वहिनी, निघताना मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "मी येते हं." इथल्या भाषेत, शब्दाला शब्द. आपल्या घरी 'जाते' म्हटलं की आई उंबऱ्यातून परत बोलावते, 'येते' म्हणायला लावते आणि मगच सोडते. तेच जिभेला लागलंय, कुठल्याही भाषेत तेच निघतं. पावाच्या दुकानातली बाई दर वेळी विचारते, "केव्हा?" मला वाटायचं, किती अगत्य आहे बाईला! चिमणीला वाटलं, बेत बदलला, मी तिला न्यायला परत येणार आहे. म्हणून ती बसून राहिली. सहा तास.

आणि तो निरोप मी पुसला. विचारसुद्धा केला नाही, बोटच गेलं.

नंतर तिच्या वडिलांचा फोन आला. मध्ये कुणी तरी भाषांतर करत होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "ती तिथे एकटी का बसली होती?" मी म्हणाले, "माहीत नाही." उद्या दहाला विद्यार्थी विभागातल्या बाई लेखी जबाब घेणार आहेत. लांबू म्हणतो, सगळ्यांनी सारखंच सांगायचं, आपण तिला रस्ता दाखवला होता. खोटं नाहीच ते. मला परत पाठवतील याची भीती वाटते. ती बरी होणार नाही याचीही वाटते. पण सगळ्यात जास्त भीती माझीच वाटते आहे. सकाळी काचेतून तिला नळ्या लावलेलं बघितलं आणि क्षणभर मनात आलं, ही बोललीच नाही तर बरं. वहिनी, हे माझ्या मनात आलं. तुझ्या नणंदेच्या.

फोन वाजतोय. दवाखान्याचा नंबर आहे.

दीड वाजला.

नर्स होती. चिमणी शुद्धीवर आली आहे आणि सारखं एकच विचारते आहे, माझी मैत्रीण सापडली का? ती परत यायची होती, धुक्यात चुकली असेल. आपण खाली निघून गेलो आणि ती वर आली तर तिला तिथे कुणीच भेटणार नाही, म्हणून ही हलली नाही म्हणे. नर्स घाईत होती. "आणखी एक मुलगी वर राहिली आहे का? आम्ही वनरक्षकांना कळवतो आहोत. माणसं वर पाठवायची तयारी चालली आहे."

ती दोनदा "हॅलो" म्हणाली.

मग मी म्हणाले, "पाठवू नका. ती मुलगी मीच. मी तिला न्यायला परत वर गेलेच नव्हते." आणि रडत रडत सगळं सांगितलं, शब्दाचं आणि निरोपाचंही. तिला किती कळलं कोण जाणे. ती म्हणाली, "हे तुम्हीच येऊन तिला सांगा. ती ऐकल्याशिवाय झोपायला तयार नाही."

आता निघते आहे. मघाशी, ती बोलेल याची भीती होती. आता ती माझ्यावर चिडलेली नाही याची वाटते आहे. तिला अजून वाटतंय, मी तिच्यासाठी धुक्यात फिरले.

तुझी,
जिच्या काळजीनं एक मुलगी सहा तास बाकावरून उठली नाही,
ती नणंद